टँकर ठरवण्याआधी

(वडनेर भोलजी येथील उन्हाळी व्याख्यानमालेतील व्याख्यान)



२०२३ साली आपल्या जिल्ह्यात काय झालं ते आठवा. २२ जुलैला संग्रामपूर आणि जळगाव जामोद तालुक्यांत असा पाऊस कोसळला की शेतं खरडून गेली, घरांत पाणी शिरलं. त्याच्या पाठोपाठ आलेला ऑगस्ट मात्र देशातला १९०१ पासूनचा सर्वांत कोरडा ऑगस्ट ठरला. त्या एका पावसाळ्याची सरासरी काढली, तर महापूरही दिसत नाही आणि उघडीपही दिसत नाही. मग सरासरीवर भरवसा ठेवून पाण्याचा हिशोब मांडणाऱ्यानं करायचं काय? आज मला याच प्रश्नावर बोलायचं आहे.

आपल्याकडे नियोजन होतच नाही, असं मी म्हणणार नाही. दर वर्षी टंचाई कृती आराखडा तयार होतो. ऑक्टोबर ते डिसेंबर, जानेवारी ते मार्च आणि एप्रिल ते जून असे त्याचे तीन टप्पे असतात. विहीर अधिग्रहण, विंधन विहिरी, गाळ काढणं, नळयोजनेची विशेष दुरुस्ती, तात्पुरती पूरक योजना आणि शेवटी टँकर, ही सगळी कामं त्यात येतात. ही व्यवस्था दुष्काळांतून शिकत उभी राहिली आणि तिनं लाखो लोकांना पाणी पाजलं, हे मान्य करायलाच हवं. पण तिची बहुतेक कामं पाणी आटल्यावर सुरू होतात. टँकरचं पाणी माणशी २० लिटरच्या हिशोबानं मिळतं. जलजीवन मिशनचं उद्दिष्ट आहे माणशी ५५ लिटर. मधल्या ३५ लिटरची तूट घरातली बाई भरून काढते, डोक्यावर हंडा घेऊन.

याचा कडेलोट आपण लातुरात पाहिला. १२ एप्रिल २०१६ रोजी मिरजेहून पाच लाख लिटर पाणी घेऊन पहिली रेल्वे लातूरला पोहोचली. पुढे पन्नास डब्यांच्या गाड्या धावल्या आणि पावसाळा सुरू होईपर्यंत शहर तगलं. ज्यांनी हे काम केलं त्यांच्याविषयी मला मनापासून आदर आहे. मात्र धनेगावचं मांजरा धरण काही एका रात्रीत आटलं नव्हतं. साठा घटताना दिसत होता, खोऱ्यात उसाला जाणाऱ्या पाण्याचा प्रश्नही सर्वांना ठाऊक होता. साठा अमुक पातळीला आला की अमुक पाऊल उचलायचं, असा आधीच ठरवलेला आणि सगळ्यांना बंधनकारक असलेला नियम तेवढा नव्हता.

असा नियम पाळता येतो. मुंबई महापालिका सात तलावांचा साठा रोज मोजते. २०२४ च्या उन्हाळ्यात साठा खालावला, तेव्हा ३० मेपासून पाच टक्के आणि ५ जूनपासून दहा टक्के पाणीकपात लागू झाली. तलाव कोरडे पडण्याची वाट कुणी पाहिली नाही. दक्षिण आफ्रिकेतल्या केप टाऊन शहरानं याहून कठोर वाट धरली. सलग तीन वर्षं पाऊस कमी झाल्यावर त्यांनी जाहीर केलं की धरणांचा साठा साडेतेरा टक्क्यांवर आला की घरोघरचे नळ बंद होतील. फेब्रुवारी २०१८ पासून माणशी रोज ५० लिटरची मर्यादा घातली. लोकांनी वापर इतका कमी केला की नळ बंद करायची वेळच आली नाही. आकडा लोकांसमोर उघडा ठेवला होता, म्हणून हे घडलं असं माझं मत आहे.

आता आपल्या भागाकडे येतो, कारण मुंबईचा धडा इथे जसाच्या तसा लागू पडत नाही. आपल्या उत्तरेला पूर्णेकडे गेलं की खारपाणपट्टा लागतो. शेकडो फूट गाळाची जमीन, वर काळी चिकण माती. बोअर खोल नेलं की बहुधा खारटच पाणी लागतं. इतर ठिकाणी नळयोजना बंद पडली तर गाव जुन्या विहिरीवर जातं. खारपाणपट्ट्यातल्या माणसानं कुठे जावं? म्हणून तिथे दूरच्या गोड पाण्याचा आधार घेतला गेला. जळगाव जामोद-संग्रामपूरची १४० गावांची योजना अकोला जिल्ह्यातल्या वान धरणावर अवलंबून आहे. योजना मोलाची आहे, पण एकाच धरणावर आणि एकाच लांब जलवाहिनीवर इतकी गावं विसंबून असतात, तेव्हा एक पंप जळला, वीज तोडली गेली किंवा वाहिनी फुटली की सगळ्यांचे नळ एकदम कोरडे. वानचं पाणी दूरच्या पाणीयोजनांसाठी राखून ठेवण्याविरुद्ध धरणाजवळच्या तेल्हाऱ्याच्या शेतकऱ्यांनी आंदोलनंही केली. त्यांचा आक्षेप मला अवाजवी वाटत नाही. धरण ज्यांच्या शिवाराला लागून आहे, त्यांना विचारात घेतल्याशिवाय कुठलंही आरक्षण टिकत नाही.

माझं म्हणणं असं की खारपाणपट्ट्यात आणि त्याच्या काठावरच्या आपल्यासारख्या गावांत गोड्या आणि खाऱ्या अशा दोन पाण्यांचा वेगळा हिशोब ठेवावा. नळ आला म्हणून जुनी विहीर बुजवू नये. तिचं पाणी पिण्यालायक नसलं तरी धुण्याभांड्याला आणि शौचालयाला चालतं. ते वापरात राहिलं तर गोडं पाणी जास्त दिवस पुरतं. पत्र्यावरचं पावसाचं पाणी टाकीत साठवणं इथे चैन नाही, गरज आहे. वीजबिलासाठी पाणीपट्टीतली ठराविक रक्कम वेगळी ठेवली तर ऐन मे महिन्यात थकबाकीपायी जॅकवेलचा उपसा थांबणार नाही.

आधीच ठरवलेला नियम गावालाही करता येतो: ऑक्टोबरातच ग्रामसभेत पाणीकपातीच्या पातळ्या ठराव्यात. विहिरीत इतकं पाणी उरलं की नळ दिवसाआड, त्याखाली गेलं की तिसऱ्या दिवशी, आणि बांधकामाला व गाड्या धुवायला पूर्ण बंदी. हे आकडे ग्रामपंचायतीच्या भिंतीवर रंगवून ठेवावेत. पातळी मोजायचं काम गावात नळाचं पाणी सोडणाऱ्या व्हॉल्व्हमनकडे द्यावं. कोणत्या गल्लीत पाणी चढत नाही, कुठे गळती आहे, कोणता व्हॉल्व्ह अडकतो, हे गावात त्याच्याइतकं कुणालाच माहीत नसतं. पण हे सारं त्याच्या डोक्यात असतं, कागदावर कुठेच नसतं. तो निवृत्त झाला की गावाची ही माहिती त्याच्याबरोबर जाते. त्याला एक वही द्या, रोजची नोंद करायला लावा आणि त्या कामाचा वेगळा मोबदला द्या. आराखडा करायला अधिकारी आले की पहिल्यांदा ती वही त्यांच्यापुढे ठेवा.