पाण्याखालचें आजोळ

कोणाचें आजोळ कोंकणांत, कोणाचें वऱ्हाडांत. शाळांना सुटी लागली कीं माणूस तिकीट काढतो आणि दुसऱ्या दिवशीं आजीच्या ओट्यावर जाऊन बसतो. माझ्या आजोळीं जावयाचें तर तिकिटानें भागत नाहीं. त्यासाठीं उजनी धरणाचा साठा उण्यांत जावा लागतो, आणि तोही थोडाथोडका नव्हे, चांगला पन्नास टक्क्यांनीं उणा. मग तें गांव पाण्याबाहेर येतें, कांहीं आठवडे ऊन खातें आणि पावसाळ्यांत पुन्हां बुडतें. तें बुडाल्यापासून मी तेथें एकदांच गेलें आहें. त्या भेटीची हकीकत आज श्रोत्यांना सांगावी म्हणतें. लहानपणींच्या जागा पुन्हां पाहण्याची हौस आपणां सर्वांनाच असते. पण ती पुरी होण्यासाठीं दुसऱ्यांच्या घागरी रित्या व्हाव्या लागत असतील, तर ती धरावी कीं धरूं नये, हा प्रश्न आमच्या घरांत बरींच वर्षें पडून होता.

१९७५ पर्यंत दर उन्हाळ्यांत आई आम्हां भावंडांना घेऊन पुण्याहून पॅसेंजरनें निघे आणि भिगवणास उतरे. स्थानकाबाहेर मामा बैलगाडी जुंपून उभा असे. गाडींत कडब्यावर गोधडी पसरलेली असे. तिच्यावर आडवीं होऊन आम्ही आकाश पाहत जात असूं. गांव इंदापूर तालुक्यांतलें, भीमेच्या अगदीं कांठावर. घरें माळवदाचीं, पांढऱ्या मातीच्या जाड भिंतींचीं. दुपारीं बाहेर डोळे उघडवत नसत, पण माजघरांत गार काळोख असे. आणि रात्रीं सारीं माणसें माळवदावर अंथरुणें टाकीत. उन्हाळ्यांतली भीमा म्हणजे दोन तीरांमध्यें पसरलेली वाळू आणि मधून वाहणारी एक बारीक धार. त्या वाळूंत कलिंगडाच्या वाड्या लावलेल्या असत. मामा सकाळींच एक कलिंगड धारेजवळच्या ओल्या वाळूंत पुरून ठेवी आणि दुपारीं गार झालेलें उकरून काढी. पुढें घरांत शीतपेटी आली, पण तशी चव कांहीं पुन्हां आली नाहीं. अर्थात् ती चव कलिंगडाची होती कीं वयाची, हें सांगणें कठीण आहे.

ओसरीच्या कोपऱ्यांत जमिनींत बसविलेलें एक दगडी उखळ होतें. आजी त्यांत शेंगदाण्याची चटणी कुटी. कुटून झालें कीं तळाशीं चिकटलेली चटणी भाकरीच्या तुकड्यानें पुसून घेण्याचा हक्क घरांतल्या सर्वांत धाकट्याचा, म्हणजे माझा. ह्या उखळाचा पुढें संबंध यावयाचा आहे, म्हणून तें आतांच सांगून ठेवतें.

सारेच उन्हाळे असे गोड नव्हते. १९७२ सालीं पाऊस गेला आणि १९७३ च्या वैशाखांत नदीची ती धार देखील आटली. कलिंगडें नव्हतीं. मामी दुष्काळी कामावर खडी फोडावयास जाई आणि संध्याकाळीं पदरांत सुकडी घेऊन येई. आम्हां मुलांना ती खाऊ वाटे, आणि मामीच्या हातांवरचे फोड आम्हांला दिसत नसत. धरणाचें काम तोंवर सुरू झालेलें होतें. गांव जाणार हें सर्वांना कळून चुकलें होतें. पारावर कोणी त्याविरुद्ध बोलूं लागला कीं आजोबा म्हणत, "पाण्यावाचून मरणाऱ्या गांवापेक्षां पाण्याखाली जाणारं गांव बरं." पुढें घराचीं तुळयांसकट लाकडें गाडीवर भरतांना तेच आजोबा दिवसभर एक शब्दही बोलले नाहींत, असें मामा सांगतो.

१९८० सालीं धरण पुरें झालें, पण पाणी त्यापूर्वींच चढूं लागलें होतें. पुणें, सोलापूर आणि ज्याला आतां अहिल्यानगर म्हणतात तो नगर जिल्हा, अशा तिन्हींतलीं गांवें त्याखालीं गेलीं. माणसें वरच्या माळावर, हमरस्त्याच्या कडेला आलीं, किंवा दूर कालव्याच्या प्रदेशांत जाऊन राहिलीं. आमचा मामा माळावर राहिला. नदीकांठची काळी जमीन गेली. पण धरणाच्या पाण्यावर मोटार बसवून त्यानें मुरमाड रानांत ऊंस उभा केला. आज त्याचें घर सिमेंटचें आहे व मुलें शिकलेलीं आहेत. त्याला धरणाविषयीं विचारलें तर तो धरणाला शिवी देत नाहीं आणि आशीर्वादही देत नाहीं. "बघा कीं," एवढेंच म्हणतो.

धरणाचा साठा उणा कसा असूं शकतो, असा प्रश्न शहरांतल्या श्रोत्यांना पडला असेल. उजनीची एकूण सांठवण सुमारें ११७ अब्ज घनफूट. त्यांतले सुमारें ६३ अब्ज घनफूट पाणी तळाचें. त्याला मृत साठा म्हणतात. त्यावरचें जें सुमारें ५३ अब्ज घनफूट, तें उपयुक्त पाणी. वर्तमानपत्रांत येणारी टक्केवारी ह्या उपयुक्त पाण्याची असते. तें संपलें कीं शून्य. आणि त्याखालीं तळांतलें पाणी उपसूं लागलें कीं उणे दहा, उणे वीस असें मोजत जातात. इतर धरणांत मृत साठा लहान असतो. उजनीचा उपयुक्ताहूनही मोठा आहे. हिशेबानें मेलेलें हेंच पाणी टंचाईच्या सालीं नदींतून खालीं सोडून सोलापूर शहराला पाजतात. म्हणजे आमचें गांव दिसूं लागतें तेव्हां सोलापुरांतल्या नळांना आठवड्यांत किती दिवस पाणी येतें, हें वेगळें विचारावयास नको.

आईला हें सारें पाठ आहे. तिचें तें माहेर. बाईमाणसाला माहेराची ओढ किती, हें मीं सांगावयास नको. आणि तिचें माहेर तर तीस-पस्तिसाव्या वर्षीं पाण्याखालीं गेलेलें. तरी २०१६ सालीं साठा खोल उण्यांत गेला व मामानें निरोप धाडला कीं "अक्का, गांव उघडं पडलंय, ये," तेव्हां ती गेली नाहीं. २०१९ सालींही गेली नाहीं. मीं आग्रह केला तेव्हां म्हणाली, "लोक हंडे घेऊन टँकरमागं धावतात आणि मी माहेर बघायला जाऊ होय? मला नाही ते बरं दिसत." मीं पुष्कळ समजावलें कीं आपण गेल्यानें न गेल्यानें धरणाचें पाणी वाढत वा घटत नाहीं. तिला तें पटलें नाहीं, आणि खरें म्हणजे मलाही पुरतें पटलेलें नव्हतें. कारण त्या दिवसांत सकाळीं वर्तमानपत्र उघडल्यावर उजनीचा आंकडा आणखी खालीं गेलेला पाहून मनाला क्षणभर जें कांहीं होई, तें दुःख नव्हतें, ही गोष्ट मला ठाऊक होती.

२०२४ च्या मे महिन्यांत मात्र तीच म्हणाली, "चल." वय ब्याऐंशी, पुढच्या दुष्काळापर्यंत थांबणें तिच्या हातीं राहिलें नव्हतें. साठा उणे पन्नासाच्या पलीकडे गेलेला होता. माझी लेक व दहा वर्षांचा नातू, अशीं आम्ही चार पिढ्यांचीं माणसें एका मोटारींत बसून पहांटेस निघालों.

सोलापूर रस्त्यानें पळसदेव येतांच मामा भेटला. तेथून खालीं उतरलों. जेथें एरवीं मैलच्या मैल पाणी, तेथें भेगाळलेला गाळ पसरला होता आणि त्यांत पळसनाथाचें जुनें देऊळ पायापर्यंत उघडें उभें होतें. दगडी बांधणी, वर विटांचें शिखर. भोंवतीं वीरगळ आणि सतीचे दगड. इतकीं वर्षें पाण्याची चढउतार सोसून तें कसें टिकलें, ह्याचें नवल करावें तितकें थोडें. पण देवळापाशीं त्याहून नवलाची जत्रा जमली होती. पुण्यामुंबईच्या मोटारी गाळावर आणून लावलेल्या, कोणी वीरगळावर पाय देऊन छायाचित्र काढून घेतो आहे, कोणी सतीच्या दगडावर खाऊच्या पिशव्या मांडल्या आहेत. मला संताप आला. मग आठवलें कीं आमचीही मोटार पुण्याचीच आहे.

आमचें गांव तेथून कांहीं अंतरावर. मामानें होडी सांगितली होती, पण आईनें नको म्हटलें. त्याच महिन्याच्या २१ तारखेस कुगांवहून कळाशीकडे येणारी होडी वादळांत उलटून सहा माणसें बुडालीं होतीं. जलाशय आटला तरी मधला प्रवाह खोल असतो. तेव्हां वळसा घेऊन ट्रॅक्टरनें गेलों. वाटेंत हटलेल्या पाण्यामागें शेतकऱ्यांनीं नळ आणि विजेच्या तारा लांबवीत नेलेल्या दिसत होत्या. मोटार पाण्यापाशीं पोचेना म्हणून गाळांत चर खणून पाणीच मोटारीकडे आणण्याची धडपड चालली होती. कोठें ओल धरून राहिलेल्या जमिनीवर गाळपेर केलेलें हिरवें रान होतें. शेवटीं मामानें ट्रॅक्टर थांबविला आणि म्हणाला, "हे आलं."

आलें तें काय? घर एकही नव्हतें. असणार तरी कसें? लाकूड गाडीवर गेलें, कामाचे दगड लोकांनीं उपसून नेले, आणि पांढऱ्या मातीच्या भिंती पाण्यानें आपल्यांत घेतल्या. राहिलीं होतीं जोतीं. गुडघाभर, वीतभर, कांहीं नुसत्या रेघा. मारुतीचा चौथरा तेवढा ओळखूं आला. त्याला धरून मामानें पावलें मोजलीं आणि एका जागीं थांबला. "हे आपलं." आई म्हणाली, "नाही. मारुतीकडून येतांना डाव्या हाताला कुंभाराचं घर, मग बोळ, मग आपण." मामा म्हणाला, "अक्का, बोळ नंतर पडला, तुझं लग्न झाल्यावर." दोघेंही म्हातारीं भावंडें भर उन्हांत नसलेल्या बोळावरून भांडूं लागलीं. मी मधें पडणार होतें, पण लेकीनें माझा हात दाबला.

एवढ्यांत नातवानें हांक मारली. तो एका दगडाच्या तुकड्यानें गाळ उकरीत बसला होता आणि त्याला वाटोळी कड लागली होती. "मोठी आजी, हे काय आहे?" बोटांनीं गाळ काढला तशी खोल गेलेली, गुळगुळीत दगडी वाटी दिसूं लागली. उखळ! मामानें सांगितलेल्या जागेपासून तें वीस पावलें दूर होतें, आणि आईच्या जागेपासूनही तितकेंच. आई त्याच्याजवळ आली, लेकीचा हात धरून हळूच खालीं बसली आणि आंतला ओला गाळ ओंजळीनें काढूं लागली. "आपलंच आहे," ती म्हणाली. मग तिनें नातवाला शेजारीं बसवून चटणी कशी कुटीत, दाणे किती भाजीत, लसूण केव्हां घालीत, तें सांगितलें आणि माझ्याकडे बोट करून म्हणाली, "ही तुझी आजी शेवटी भाकरी घेऊन यायची, पुसायला." मामा कांहीं बोलला नाहीं. तो मारुतीच्या चौथऱ्याकडे तोंड करून उभा होता.

परत येतांना आई ट्रॅक्टरवर पुढें बसली होती. मामा मागें माझ्यापाशीं आला आणि हलक्या आवाजांत म्हणाला, "ताई, आपलं उखळ मीच पहारीनं काढून गाडीत घातलं होतं, गांव सोडलं तेव्हा. गोठ्याशेजारी आहे. म्हशीला आंबोण घालतो त्यांत." मीं विचारलें, "मग हें कोणाचें?" तो म्हणाला, "असंल कुणाचं तरी. घरोघरी होतं."

त्याच्या घरीं जेवावयास थांबलों. मीं गोठ्याकडे जाऊन तें पाहून आलें. कडेला एक टवका उडालेला होता, तो मला आठवला. आईला तिकडे न्यावें कीं नाहीं, ह्याचा मी जेवण होईपर्यंत विचार करीत होतें. खोट्या उखळापाशीं तिला तिचें माहेर सांपडलें होतें. खरें दाखवून तें हिरावून घ्यावें काय? आणि न दाखवावें तर, ज्यांत आजीचा मुसळ घुमला तें डोळ्यांसमोर असतां तिला वंचित ठेवल्यासारखें होत होतें. शेवटीं मीं दाखविलें नाहीं. बरोबर केलें कीं चूक, तें मला आजही ठरवितां येत नाहीं. निघतांना मात्र आई आपण होऊन गोठ्यापर्यंत चालत गेली, म्हशीच्या पाठीवरून हात फिरविला, क्षणभर खालीं पाहिलें आणि परत आली. मोटारींत ती पुण्यापर्यंत झोंपून होती.

त्या वर्षीं पावसानें चांगला हात दिला. भीमेच्या वरच्या खोऱ्यांतलीं धरणें भरलीं, पाणी खालीं सुटलें आणि जुलईच्या अखेरीस उजनी उण्यांतून बाहेर आली. ऑगस्टाच्या पहिल्या आठवड्यांत शंभर टक्के भरली. आई रोज सकाळीं चष्मा लावून आंकडा वाचीत असे. शंभराचा आंकडा छापून आला त्या दिवशीं तिनें वर्तमानपत्राची घडी घातली आणि मला मामाला दूरध्वनी लावावयास सांगितलें.

"अरे, ते उखळ बुडालं का?" तिनें विचारलें.

"बुडालं, अक्का," मामा म्हणाला. "केव्हाच."