परसांतील खड्डा



२०१८ सालच्या फेब्रुवारींत आपल्या शहराचा, त्या वेळच्या औरंगाबादचा, कचरा एकाएकीं जागच्या जागीं थांबला. वर्षानुवर्षें तो नारेगांवास नेऊन टाकीत असत. ग्रामस्थांनीं गाड्या अडविल्या आणि शहरांत कोपऱ्याकोपऱ्यावर ढीग साचूं लागले. मार्चमध्यें मिटमिट्यास तर याच गाड्यांवरून दगडफेक आणि लाठीमार होण्यापर्यंत मजल गेली. ग्रामस्थांचा संताप रास्त होता, असेंच माझें मत आहे. त्या ढिगांना सुटलेली दुर्गंधी आमच्याच स्वयंपाकघरांतली होती. भाजीचे देठ, केळ्यांच्या साली, चहाचा चोथा हें वस्तुतः झाडांचें अन्न. तें आम्ही दुसऱ्याच्या दारांत नासवीत होतों, आणि आपल्या गुलाबासाठीं बाजारांतून खताची पिशवी विकत आणीत होतों.

त्या लाजेपोटीं मीं परसांत दोन हात लांबरुंद आणि दीड हात खोल खड्डा खणला. ओला कचरा रोज त्यांत टाकावा आणि वर पत्रा घट्ट बसवावा, एवढेंच माझें शास्त्र. आठव्या दिवशीं शेजारच्या वहिनींनीं भिंतीवरून विचारलें, "भावोजी, परसांत कांहीं मेलें आहे का?"

चूक साधी होती. कुजविण्याचें काम करणाऱ्या सूक्ष्म जंतूंना आपल्यासारखीच हवा लागते. नुसता ओला कचरा दबून बसतो, हवा कोंडते, आणि नीट कुजण्याऐवजीं तो सडतो. यावरचें औषध अंगणांतच असतें. फाल्गुनाच्या सुमारास कडुनिंबाचीं पानें गळतात. तीं झाडून पेटवून देण्याची आपल्याला खोड आहे. तीं पोत्यांत भरून ठेवावीं. एक टोपली ओल्या कचऱ्यावर दोन टोपल्या सुकीं पानें, वर पातळ शेणकाला, असे थर द्यावे. मूठभर घेऊन दाबल्यास हाताला ओल लागावी, पाणी मात्र गळूं नये. दर आठवड्यास काठीनें वरखालीं करावें. माझ्या खड्ड्याचा वास चार दिवसांत गेला.

या कामाचा पद्धतशीर अभ्यास होळकरांच्या इंदुरास झाला. अल्बर्ट हॉवर्ड तेथें १९२४ ते १९३१ या काळांत होते, आणि १९३१ सालीं प्रसिद्ध झालेल्या पुस्तकावर त्यांच्याबरोबर यशवंत वाड यांचेंही नांव आहे. 'इंदूर पद्धत' म्हणतांच लोकांना हॉवर्डसाहेब आठवतात. वाडांचें स्मरण क्वचितच होतें. काडीकचरा, शेण आणि गोठ्यांतील मूत्र मुरलेली माती यांचा ढीग सोळाव्या दिवशीं, महिन्यानें आणि दोन महिन्यांनीं असा तीनदां उलथला म्हणजे तीन महिन्यांत खत तयार होई. मोठा ढीग आंतून ६० अंशांपर्यंत तापतो व तणाचें बीं मरतें. आपला लहान खड्डा इतका तापत नाहीं, म्हणून बीं धरलेलें तण त्यांत टाकूं नये. गाजरगवत तर मुळींच नको.

आतां एक गोष्ट आग्रहानें सांगतों. अंड्याचीं टरफलें आणि चुलींतील राख कुंडींत घाला, असा सल्ला सर्वत्र मिळतो. आम्लधर्मी जमिनीच्या मुलखांत तो ठीक आहे. आपली जमीन काळ्या बेसाल्ट खडकापासून झालेली, चुनखडीची. तिला आणखी चुना नको. अशा जमिनींत लोह असूनही तें झाडाला मिळत नाहीं, आणि जास्वंदीचीं कोवळीं पानें पिवळीं पडून शिरा तेवढ्या हिरव्या राहतात. तें पाहून राखेची आणखी एक ओंजळ घालणारे मीं पाहिले आहेत. त्याऐवजीं कुजलेलें खत घालावें.

त्याकडून अवास्तव अपेक्षाही नको. त्यांत नत्र शेंकडा एकाच्या आसपास. मिरची-वांग्याला तेवढें पुरत नाहीं. भुईमुगाच्या पेंडींत तें सुमारें ७ टक्के असतें. मूठभर पेंड तांब्याभर पाण्यांत चार दिवस भिजवून तें पाणी दहापट पातळ करून द्यावें. याला वास येतो, हें शेजारीं आधीं सांगून ठेवलेलें बरें.

खताचा खरा उपकार उन्हाळ्यांत कळतो. जायकवाडीच्या पाण्यावर जगणाऱ्या या शहरांत वैशाखांतील पाण्याची ओढ कोणास सांगावयास नको. कुंडीच्या मातींत चौथा हिस्सा खत आणि वर बोटभर सुक्या पानांचा थर असला, तर सकाळीं दिलेल्या तांब्याभर पाण्याची ओल दुसऱ्या दिवसापर्यंत टिकते; उघडी माती दुपारींच भेगाळते. मृग लागण्यापूर्वीं मात्र खड्ड्यावर पत्रा तिरपा, हवा खेळेल असा ठेवावा. नाहीं तर खताचें सत्त्व पावसाबरोबर वाहून जातें.