पूना हॉर्सचे कर्नल तारापोर

नीरा डाव्या कालव्याच्या कडेने, बारामतीपासून इंदापूरपर्यंत, पहाटे पोरे पळताना दिसतात. कुणाची सैन्यभरती तोंडावर आलेली, कुणाची पोलीसभरती, कुणी नुसताच तालमीतला. श्रोतेहो, असाच एक मैदानात रमणारा मुलगा पुण्यात शिकला आणि ‘पूना हॉर्स’ या रणगाडा रेजिमेंटचे नेतृत्व करताना रणात पडला.

अर्देशिर बुर्झोरजी तारापोर यांचा जन्म मुंबईचा, १८ ऑगस्ट १९२३चा. सातव्या वर्षी त्यांना पुण्याच्या सरदार दस्तूर शाळेच्या वसतिगृहात ठेवले. अभ्यासात ते बेताचेच. मुष्टियुद्ध, पोहणे, टेनिस आणि क्रिकेट यांत मात्र हिरिरीने उतरायचे. शाळेचे कॅप्टनही झाले. विक्रमांच्या यादीत त्यांचे नाव शोधू नये. ते हौसेने खेळले, आणि हौसेच्या खेळाडूलाही आपण खेळाडूच म्हटले पाहिजे.

१९४० साली मॅट्रिक झाल्यावर ते हैदराबाद संस्थानाच्या फौजेत गेले. नेमणूक पायदळात झाली, मन मात्र रणगाड्यांत होते. एकदा नवे जवान हातगोळे फेकायला शिकत होते. एकाचा गोळा लांब गेलाच नाही, जवळच पडला. तारापोरांनी झेप घेतली, गोळा उचलला आणि भिरकावला. हातातून सुटतो न सुटतो तोच तो फुटला आणि त्याच्या कपच्या त्यांच्या छातीत घुसल्या. संस्थानी फौजेचे सरसेनापती एल इद्रूस यांनी या धाडसाचे कौतुक केले, तेव्हा तारापोरांनी रणगाड्यांच्या दलात बदली मागितली. ती मिळाली.

संस्थान भारतात विलीन झाल्यानंतर, १९५१ साली ते पूना हॉर्समध्ये आले. ही रेजिमेंट १८१७ मध्ये पुण्यात उभी राहिली, आणि जुन्या काळी तिचा तळ आपल्याच जिल्ह्यातल्या शिरूरला होता.

सप्टेंबर १९६५. पाकिस्तानशी युद्ध. सियालकोट आघाडी. ११ तारखेला फिलौरावरच्या चढाईत तारापोर जखमी झाले. मागे जाऊन उपचार घ्या, असे सांगितले गेले. ते गेले नाहीत. वझीरवाली, जस्सोरान, बुतूर-डोगरांदी अशी लढाई पुढे सरकत राहिली. शत्रूचे सुमारे ६० रणगाडे निकामी झाले, आपले गेले ९. १६ तारखेला तारापोर धारातीर्थी पडले. वय ४२. मरणोत्तर परमवीर चक्र मिळाले.

याच सियालकोट आघाडीवर सांगलीकडचे जवान आणि मुष्टियोद्धे मुरलीकांत पेटकर गोळ्यांनी जायबंदी झाले. ते वाचले, पाण्यात उतरले आणि १९७२ साली हायडेलबर्गच्या पॅरालिम्पिकमध्ये त्यांनी पोहण्यात सुवर्णपदक जिंकले. तारापोरांना ती संधी मिळाली नाही.

लढाईआधीच त्यांनी रेजिमेंटमधले आपल्यानंतरचे अधिकारी मेजर चीमा यांना निरवानिरव सांगून ठेवली होती. प्रार्थनेचे पुस्तक आईला, सोन्याची साखळी पत्नीला, अंगठी मुलीला, कडे आणि पेन मुलाला. आणि आपण पडलो तर रणभूमीवरच अग्नी द्यावा. तारापोर पारशी; पारशी समाजात परंपरेने दहनाची चाल नाही, तरी जवानांनी त्यांचा शब्द राखला.

बारामती-इंदापूरच्या शाळांना एकच विनंती. १६ सप्टेंबरला खेळाच्या तासाला शिट्टी वाजण्यापूर्वी पाच मिनिटे थांबा आणि या कर्नलची हकीकत मुलांना सांगा.