माहितीपुस्तिका कोणत्या स्वरूपात असावी?
(भाषणाचा मजकूर)

नांदेड आणि लातूर जिल्ह्यांतील शेतकऱ्यावर आपल्या सोयाबीनची नोंद स्वतः करण्याची जबाबदारी आली आहे. १५ ऑगस्ट २०२१ पासून राज्यभर सुरू झालेल्या ई-पीक पाहणीत तो बांधावर उभा राहून मोबाईलवर पिकाचे छायाचित्र घेतो आणि गाव नमुना बारासाठी माहिती भरतो. मुदतीत नोंद राहिली तर हमीभावाच्या खरेदी केंद्रावर त्याचीच पंचाईत होते. तेव्हा या प्रणालीची माहितीपुस्तिका म्हणजे केवळ कार्यालयीन कागद नव्हे.

ती कोणत्या स्वरूपात काढावी, याचा विचार मात्र बहुधा शेवटी होतो. पानांवर सही-शिक्का घ्यावा, स्कॅन करावे आणि पीडीएफ धाडून मोकळे व्हावे, ही अंगवळणी पडलेली रीत. छपाईस पीडीएफ उत्तमच. २००८ मध्ये तिला आंतरराष्ट्रीय मानकाचा दर्जाही मिळाला. परंतु स्कॅन केलेले पान हे अखेर चित्रच. त्यात शब्द शोधता येत नाही. मोबाईलवर अक्षर मोठे करावे तो ओळ पडद्याबाहेर जाते. अंध वाचकास मजकूर वाचून दाखविणारी प्रणाली त्यापुढे मुकी होते. दुरुस्तीचे तर विचारूच नये! २०२४ मध्ये तलाठी पदाचे नाव ग्राम महसूल अधिकारी झाले. तेवढ्या एका शब्दासाठी पाने पुन्हा टंकून पुन्हा स्कॅन करावी लागतात.

मराठीचे आणखी एक जुने दुखणे आहे. युनिकोडपूर्व फॉन्टमध्ये टंकलेली फाईल, तो फॉन्ट नसलेल्या संगणकावर उघडली की रोमन अक्षरांची खिचडी दिसते. मराठवाड्यास हा प्रकार अपरिचित नाही. निजामकाळातील दप्तरे उर्दूत आणि मोडीत आहेत. २०२३ मध्ये कुणबी नोंदींचा शोध सुरू झाला, तेव्हा कागद हाती असूनही ते वाचणारे जाणकार शोधावे लागले.

यास्तव मूळ प्रत युनिकोडमधील साध्या मजकुराची असावी. शीर्षके आणि पायऱ्या दाखविणाऱ्या मोजक्या खुणा तीत पुरेशा होत. चावडीवर लावण्याचे पत्रक आणि मोबाईलवर वाचावयाचे पान ही दोन्ही त्याच प्रतीतून निघावीत. प्रत्येकावर दिनांक व प्रणालीची आवृत्ती छापलेली असावी. पडद्याची चित्रे थोडीच घालावीत, कारण आवृत्ती बदलली की ती प्रथम शिळी होतात. देगलूर-बिलोलीकडे तेलुगू आणि उदगीर-निलंग्याकडे कन्नड बोलणारी घरे आहेत. मूळ मजकूर हाताशी असेल तर भाषांतरही सुकर होते. चित्रफीत पाहून शिकणे सोपे खरे, पण भर उन्हात बांधावर अडलेल्या माणसाला तीतील नेमकी पायरी चटकन सापडत नाही.

आणि ही मूळ प्रत राहते कोठे? पुष्कळदा ती लिहिणाऱ्याच्याच संगणकात असते. त्याची बदली झाली की कार्यालयात उरते ती पीडीएफ. कार्यभार सोपविताना किल्ल्या व नोंदवह्या यांच्याबरोबर या फाईलीचेही नाव यादीत लिहावे आणि नव्या अधिकाऱ्याने ती तिथल्या तिथे उघडून पाहावी.