कारखाना आपल्या शिवारांत, दाखला कोणाच्या हातांत?

(शिरूर-दौंड भागांतील पालकांपुढें एका गांवशाळेच्या शिक्षकानें केलेलें भाषण)



शिरूर तालुक्यांत रांजणगांवास मोटारी व फ्रीज बनतात. दौंड तालुक्यांत कुरकुंभास रसायनें बनतात. त्यासाठीं जमीन शेतकऱ्याची गेली. आतां सवाल असा कीं, यंत्रापाशीं कोण उभा आहे आणि फाटकाबाहेर ठेकेदाराची वाट पाहत कोण उभा आहे?

यंत्रावर उभें राहण्यास कसबाचा दाखला लागतो. सरकारी आयटीआयमध्यें फिटर व इलेक्ट्रिशियन यांचें शिक्षण दोन वर्षांचें, वेल्डरचें एका वर्षाचें. प्रवेश दहावीच्या गुणांवर मिळतो. जो गणितांत मागें पडला, त्याला तेंच दार जड होतें. लोहार-सुताराचा मुलगा बापाच्या हाताखालीं दहा वर्षें राबला, तरी कागद नाहीं म्हणून फाटकावर त्याला कोणी विचारीत नाहीं. हातोडा त्याच्या घरचा, दाखला मात्र दुसऱ्याचा!

हें दुखणें जुनें आहे. १८८२ सालीं महात्मा जोतीराव फुले यांनीं हंटर कमिशनपुढें स्पष्ट सांगितलें कीं, सरकारचा वसूल रयतेच्या घामाचा, पण विद्येचा लाभ वरच्या वर्गांस. १९०२ सालीं शाहू छत्रपतींनीं कोल्हापूर संस्थानांत मागासलेल्या वर्गांसाठीं शेकडा ५० जागा राखल्या, आणि १९१७ त सक्तीच्या व मोफत प्राथमिक शिक्षणाचा कायदा केला. जागा पाहिजेत, तशी शाळाही पाहिजे; एकावांचून दुसरें लंगडें.

आज सरकारी आयटीआयमध्यें मुलींसाठीं शेकडा ३० जागा राखीव आहेत. परंतु मुलीचा अर्ज भरतांना आपण काय लिहितों? शिवणकाम! शिवणकाम हलकें नव्हे. पण कारखान्यांत कोणतें कसब खपतें, हें पाहावें कीं नाहीं? मुलाला फिटर व मुलीला सुईदोरा, हा भेद कोणा सरकारनें केला नाहीं, आपण केला. भटशाहीला नांवें ठेवावयाचीं आणि घरांत मुलीचें कसब अडवावयाचें, हें जोतीबांचें नांव घेणाऱ्यास शोभत नाहीं.

शिकाऊ उमेदवारांचा कायदा १९६१ चा आहे. ज्या कारखान्यांत ३० किंवा अधिक माणसें, त्यानें शेकडा अडीच ते पंधरा या प्रमाणांत शिकाऊ उमेदवार घेऊन त्यांस विद्यावेतन द्यावें, असा आज नियम आहे. आपल्या भागांतील किती मुलें घेतलीं, हा प्रश्न ग्रामसभेंत ठराव करून लेखी विचारा. भीक नव्हे, हक्क आहे.

म्हणून माझें तीन गोष्टींचें मागणें आहे. कांदे काढणीसाठीं दहावीचें मूल घरीं ठेवूं नका; संध्याकाळीं देवळांत गणिताचा वर्ग भरवा, शिकविण्यास मी येतों. निकाल लागतांच आयटीआयचा अर्ज भरा. मुदत गेली तर वर्ष गेलें. आणि मुलीच्या अर्जावर तिच्या मनाचें कसब तिला विचारून लिहा, मग तें इलेक्ट्रिशियनचें कां असेना. जत्रेला वर्गणी निघते, तशी तिच्या पुस्तकांसाठीं व जाण्यायेण्यासाठींही निघूं द्या.

जमीन एकदां गेली, ती परत येणार नाहीं. कसब हातांत आलें, तर तें मात्र कोणी काढून घेणार नाहीं.