खांद्यावरचे तारे



आपल्या मुलाने वा मुलीने सैन्यात अधिकारी व्हावे, असे स्वप्न अनेक घरांत पाहिले जाते. अधिकारी म्हटले की डोळ्यांपुढे येतो तो कडक इस्त्रीचा गणवेश आणि खांद्यावरचे चकाकते तारे. त्या ताऱ्यांचा अर्थ मात्र थोड्यांनाच ठाऊक असतो. नागरी जीवनात हुद्दा वाढला की सोयी वाढतात. सैन्यात हुद्दा वाढला की सांभाळायची माणसे वाढतात.

डेहराडूनच्या प्रबोधिनीतून बाहेर पडणारा लेफ्टनंट दोन तारे लावतो. पायदळात तीसेक जवानांची प्लाटून हे त्याचे पहिले कुटुंब. कॅप्टनला तीन तारे. मेजरच्या खांद्यावर सिंहमुद्रा येते आणि सुमारे सव्वाशे जवानांची कंपनी त्याच्या हाती सोपवली जाते. सिंहमुद्रा आणि दोन तारे लावणारा कर्नल म्हणजे सुमारे आठशे जणांच्या पलटणीचा कर्ता पुरुष. पुढे ब्रिगेडियरकडे साधारणतः तीन पलटणींची ब्रिगेड, मेजर जनरलकडे डिव्हिजन, लेफ्टनंट जनरलकडे कोअर किंवा आर्मी कमांड आणि सेनाप्रमुख जनरलकडे सारे भूदल.

पण ही झाली केवळ उतरंड. हुद्द्याची खरी परीक्षा होते ती निर्णयाच्या क्षणी. ४ डिसेंबर १९७१ च्या रात्री राजस्थानातील लोंगेवाला चौकीवर पाकिस्तानी रणगाडे चालून आले. मेजर कुलदीपसिंग चांदपुरी यांच्यापाशी जेमतेम एकशेवीस जवान होते. माघार घेण्याची मुभा असतानाही त्यांनी चौकी न सोडण्याचा निर्णय घेतला. पहाटे जैसलमेरहून हंटर विमाने येईपर्यंत चौकी लढत राहिली. तो निर्णय दिल्लीत नव्हे, त्या वाळवंटात एका मेजरने घेतला होता.

त्याच वर्षीच्या एप्रिलमध्ये जनरल माणेकशा यांच्यासमोर वेगळा प्रसंग उभा राहिला होता. सैन्य तत्काळ युद्धास सज्ज नाही, हे त्यांनी प्रत्यक्ष पंतप्रधानांना स्पष्टपणे सांगितले. ही हकिकत त्यांनीच पुढे कथन केली आहे. मेजरची जबाबदारी ठाम उभे राहण्याची होती, तर सेनाप्रमुखाची अप्रिय सत्य बोलण्याची.

आणि आपल्या साताऱ्याचे कर्नल संतोष महाडिक! ४१ राष्ट्रीय रायफल्सचे ते प्रमुख होते. तळावर बसून आदेश देणे त्यांना अशक्य नव्हते. तरीही १७ नोव्हेंबर २०१५ रोजी कुपवाड्याच्या जंगलात ते जवानांच्या पुढे होते आणि त्यांना वीरमरण आले. आधी देश, मग आपले जवान आणि सर्वांत शेवटी आपण, हा प्रबोधिनीत शिकवला जाणारा क्रम त्यांनी प्राण देऊन पाळला.

२०१७ साली त्यांच्या पत्नी स्वाती महाडिक यांनी स्वतः प्रशिक्षण पूर्ण करून गणवेश चढवला. पतीचा हुद्दा वारशाने मिळत नसतो. त्यांनी आरंभ केला तो लेफ्टनंटच्या दोन ताऱ्यांपासूनच.

म्हणून मुलांना सैन्यात जरूर पाठवा. मात्र पाठवण्यापूर्वी घरात एकच प्रश्न विचारा : 'तुला तारे हवेत, की त्या ताऱ्यांखालची माणसे सांभाळायची आहेत?'