प्रोजेक्टरमधला उजेड जातो कुठे?
(मंडळाच्या सभेतील भाषण)



धार-देवासच्या घरांतले जुने फोटो, वाड्यांतल्या मुंजी, लग्नं यंदा गणपतीत पडद्यावर दाखवायची, म्हणून मंडळाने प्रोजेक्टर घ्यायचा विचार आहे. पैसा वर्गणीचा. तेव्हा खोक्यावरचा आकडा वाचण्याआधी आत काय चालतं ते पाहू.

पडद्यावरच्या चित्रांची हौस आपल्याकडे जुनीच. चित्रपट येण्याआधीच कल्याणच्या पटवर्धनांनी काचेवरच्या चित्रांचे 'शांबरिक खरोलिके'चे खेळ केले होते. आज काचेच्या जागी एक चिप आहे. टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सच्या लॅरी हॉर्नबेक यांनी ती 1987 साली शोधली. तिच्यावर लाखो आरसे असतात, एकेक आरसा केसाच्या जाडीच्या साधारण दहाव्या हिश्श्याएवढा. एका बाजूला 12 अंश कलला की उजेड भिंगातून पडद्यावर, दुसऱ्या बाजूला कलला की आतल्या आत वाया. सेकंदात हजारो वेळा ही उघडझाप होते आणि तिच्यातूनच फिक्या-गडद छटा तयार होतात.

खरी अडचण पुढे आहे. आरशावर येणारा झोत मधल्या रेषेपासून 12 अंशांहून जास्त फाकला, तर पडद्याकडचा आणि वाया जाणारा उजेड एकमेकांत मिसळतो. एलईडी मात्र चहूकडे उजेड फेकतो. मग भिंग लावून झोत अरुंद करावा, तर त्याची रुंदी वाढते. पोळीसारखंच हे: पीठ तेवढंच, लहान लाटली की जाड होणार! हिशेब केला, तर चिपच्या क्षेत्रफळाच्या सुमारे तेविसाव्या हिश्श्याएवढ्याच एलईडीचा उजेड कामी येतो. चिप 10 बाय 6 मिलिमीटर असेल, तर जेमतेम अडीच चौरस मिलिमीटर. त्याहून मोठा एलईडी बसवला, तर वीज जळते, पंखा घरघरतो, पडदा मात्र तसाच.

त्यातून वाट काढली ती रंगांनी. लाल, हिरवा, निळा असे तीन एलईडी वेगवेगळ्या बाजूंना ठेवतात. एक रंग आरपार सोडणाऱ्या आणि दुसरा परतवणाऱ्या काचांनी तिघांना एकाच वाटेवर आणतात आणि पाळीपाळीने पेटवतात. त्यामुळे पूर्वीच्या पांढऱ्या दिव्यापुढे फिरणारी रंगीत चकती लागत नाही, तिच्यात अडणारा उजेडही वाचतो. हे आम्हाला फार आवडलं.

बाजारातली अगदी स्वस्त यंत्रं बहुधा या आरशांची नसतात. त्यांत एलसीडीची काच असते, ती निम्म्याहून जास्त उजेड गिळते. आणि खोक्यावर छापलेले हजारो लुमेन पुष्कळदा आतल्या दिव्याचे असतात, पडद्यावरचे नव्हेत. दुकानदाराला 'एएनएसआय लुमेन' किती, एवढंच विचारा. तो गडबडला, तर पुढच्या दुकानात चला.

आता आपल्या मंडपाचं. 500 लुमेनचं यंत्र तीन मीटर रुंद पडद्यावर जवळपास 100 लक्स देईल. मंडपातल्या दिव्यांचा उजेडही सहज तेवढा असतो, म्हणजे आजोबांची काळी टोपी राखाडी दिसणार. पडदा दोन मीटरचा केला, तर तेच यंत्र दुपटीहून जास्त उजळ. म्हणून आमचं मत असं: पडदा लहान घ्या, त्याच्यासमोरची झालर आणि फोकस आरतीनंतर बंद ठेवा, भाद्रपदातल्या पावसासाठी वर ताडपत्री टाका. उरलेल्या पैशांत फोटो चांगले स्कॅन करून घेऊ. देवासकरांनी आपले आल्बम स्थापनेच्या आधी आणून द्यावेत. धारचे आम्ही घरोघर जाऊन गोळा करतो.